न्यायाधीशांच्या चेंबरची वाट

१९५९ साली रूथ बेडर गिन्सबर्ग कोलंबिया विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधून बाहेर पडल्या, तेव्हा वर्गातला पहिला क्रमांक त्यांच्याकडे होता, एका सहाध्यायाबरोबर विभागून मिळालेला. त्याआधीची दोन वर्षे त्या हार्वर्डमध्ये शिकल्या होत्या आणि दोन्हीकडच्या लॉ रिव्ह्यूवर, म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेल्या कायद्याच्या नियतकालिकावर, त्यांनी काम केले होते. असे गुणपत्रक हातात असलेल्या तरुणासाठी न्यूयॉर्कच्या वकिली फर्म पायघड्या घालत. गिन्सबर्ग यांना मात्र एकाही फर्मने घेतले नाही. त्या स्त्री होत्या, ज्यू होत्या आणि चार वर्षांच्या मुलीची आई होत्या. हार्वर्डच्या एका प्राध्यापकाने त्यांचे नाव सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याकडे सुचवले. चेंबरमध्ये बाई घ्यायला फ्रँकफर्टर तयार नव्हते.

मग कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक जेराल्ड गुंथर कामाला लागले. न्यूयॉर्कमधले फेडरल जिल्हा न्यायाधीश एडमंड पाल्मिएरी दरवर्षी कोलंबियाचा विद्यार्थी लॉ क्लर्क म्हणून घेत. लहान मूल असलेली बाई शनिवार-रविवारी, रात्री उशिरापर्यंत कशी थांबणार, अशी त्यांना शंका होती. गुंथर यांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. हिचे काम पसंत पडले नाही, तर त्याच वर्गातला एक तरुण फर्ममधली नोकरी सोडून लगेच तुमच्याकडे येईल. आणि हिला संधीच दिली नाहीत, तर यापुढे कोलंबियाचा एकही विद्यार्थी तुमच्याकडे पाठवणार नाही. पाल्मिएरींनी गिन्सबर्ग यांना घेतले. त्या दोन वर्षे तिथे राहिल्या आणि १९९३ मध्ये स्वतः सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या.

या हकिगतीत गिन्सबर्ग यांची बुद्धी आहे, गुंथर यांचा खमकेपणा आहे, आणि एक अस्वस्थ करणारी बाबही आहे. देशातल्या सर्वांत हुशार विद्यार्थिनींपैकी एकीचे पुढचे आयुष्य एका प्राध्यापकाच्या फोनवर अवलंबून होते. ज्यांच्या पाठीशी गुंथर नव्हते अशा मुलामुलींची नोंद कुठेच सापडत नाही.

लॉ क्लर्कचे काम आपल्याकडच्या कोर्टातल्या बेंच क्लर्कपेक्षा अगदी वेगळे आहे. नुकताच पदवीधर झालेला तरुण एक किंवा दोन वर्षे एका न्यायाधीशाच्या चेंबरमध्ये कायद्याचा मदतनीस म्हणून राहतो. अपील न्यायालयात सुनावणीच्या आधी तो दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आणि खालच्या कोर्टाचे रेकॉर्ड वाचून न्यायाधीशांसाठी बेंच मेमो लिहितो: वाद नेमका कशाचा, कोणता निवाडा लागू पडतो, कोणत्या बाजूचे कुठे चुकते, कोणता प्रश्न विचारायला हवा. सुनावणीनंतर निकालाचा कच्चा मसुदा, त्यावर न्यायाधीशांच्या दुरुस्त्या, पुन्हा मसुदा. प्रत्येक संदर्भ मुळाशी ताडून पाहायचा. जिल्हा न्यायालयात काम याहून धावपळीचे असते. सकाळी अर्जावर टिपण, दुपारी साक्षीपुराव्याच्या हरकतीवर शोधाशोध, संध्याकाळी ज्यूरीला द्यायच्या सूचनांचा मसुदा. चांगला वकील खटला कसा जिंकतो आणि तितकाच चांगला वकील तो कसा हरतो, हे पंचविशीतल्या माणसाला आतल्या बाजूने पाहायला मिळते. चेंबरमधले बोलणे बाहेर न्यायचे नाही, हा पहिल्या दिवसाचा नियम.

ही प्रथा मॅसॅच्युसेट्सच्या होरेस ग्रे यांनी घातली. १८७५ च्या सुमारास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात असताना ते हार्वर्डच्या हुशार पदवीधरांना स्वतःच्या खिशातून पगार देऊन हाताशी घेऊ लागले. त्यातले एक लुई ब्रँडाइस, जे पुढे स्वतः देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बसले. १८८२ मध्ये ग्रे वॉशिंग्टनला गेले तेव्हा ही पद्धत त्यांच्याबरोबर गेली, आणि १८८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने प्रत्येक न्यायमूर्तीला मदतनीसासाठी वर्षाला १,६०० डॉलर मंजूर केले. ग्रे यांच्यासाठी मुले निवडत कोण? त्यांचे सावत्र भाऊ जॉन चिपमन ग्रे, हार्वर्डमधले कायद्याचे प्राध्यापक. ग्रे यांच्या जागी ऑलिव्हर वेंडेल होम्स आले, तेव्हा त्यांच्यासाठीही निवड हेच भाऊ करू लागले आणि पुढे ते काम तेव्हा प्राध्यापक असलेल्या फ्रँकफर्टर यांच्याकडे आले. म्हणजे पहिली काही दशके या क्षेत्रातले करिअर मार्गदर्शन म्हणजे हार्वर्डच्या एका खोलीत बसलेला एक माणूस.

या खोलीबाहेरची माणसे आत आली ती अपवादानेच. १९४४ मध्ये महायुद्धामुळे तरुण पुरुष मिळेनासे झाले, तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डीनकडे विचारणा केली. डीननी ल्युसील लोमेन यांचे नाव दिले आणि त्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री लॉ क्लर्क ठरल्या. दुसरी स्त्री यायला १९६६ उजाडले. विल्यम कोलमन हार्वर्डमध्ये पहिले आले होते. १९४८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय लॉ क्लर्क झाले, आणि त्यांना घेणारे न्यायमूर्ती होते फ्रँकफर्टर. ज्या माणसाने पुढे गिन्सबर्ग यांना नकार दिला, त्यानेच हे दार उघडले होते. एवढे होऊनही कोलमन यांच्या गावच्या, फिलाडेल्फियाच्या फर्मनी त्यांना नोकरी दिली नाही. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी वकिली केली, शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या ब्राऊन खटल्यात वकील थरगुड मार्शल यांना साथ दिली आणि १९७५ मध्ये ते अमेरिकेचे वाहतूक मंत्री झाले.

एका वर्षाच्या कामाला इतके महत्त्व का, याचे उत्तर आजच्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाकडे पाहिले की मिळते. नऊपैकी सहा न्यायमूर्ती, म्हणजे रॉबर्ट्स, केगन, गोर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट आणि जॅक्सन, तरुणपणी याच न्यायालयात लॉ क्लर्क होते. कायद्याचे प्राध्यापक, सरकारी वकील, मोठ्या फर्ममधले अपिलांचे वकील यांच्या बायोडेटात क्लर्कशिपची ओळ ठळक असते. सर्वोच्च न्यायालयात वर्ष काढलेल्या तरुणाला रुजू होताना मोठ्या फर्म पगाराव्यतिरिक्त देत असलेला बोनस पाच लाख डॉलरच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या आहेत. आणि १९९८ मध्ये पत्रकार टोनी मॉरो यांनी ‘यूएसए टुडे’साठी त्या वेळच्या नऊ न्यायमूर्तींनी तोवर नेमलेल्या क्लर्कची मोजदाद केली, तेव्हा त्यांत कृष्णवर्णीय शंभरात दोनही निघाले नाहीत. त्यावर न्यायालयाच्या पायऱ्यांवर निदर्शने झाली, अटका झाल्या. सत्तेच्या वाटेवरचा पहिला टप्पा कोणाला दिसतो आणि कोणाला दिसतच नाही, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला गेला.

आजच्या लॉ स्कूलमधला क्लर्कशिप सल्लागार याच प्रश्नावर काम करतो. मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी स्वतंत्र माणूस असतो आणि प्राध्यापकांची समिती असते. लहान ठिकाणी करिअर विभागातली एकच व्यक्ती फर्म, सरकारी नोकऱ्या आणि क्लर्कशिप असे तिन्ही सांभाळते.

सल्लागाराचे सर्वांत मोलाचे काम अर्ज सुरू होण्याच्या कितीतरी आधी होते, आणि ते म्हणजे ही वाट आहे हे सांगणे. ज्याच्या घरात वकील-न्यायाधीश आहेत त्या मुलाला पहिल्याच सत्रात ठाऊक असते की पहिल्या वर्षाचे गुण सर्वांत जास्त बघितले जातात, की शिफारसपत्र हवे असेल तर प्राध्यापकाला वर्गाबाहेर भेटत राहायला हवे, की लॉ रिव्ह्यू आणि मूट कोर्ट यांना वजन आहे. ज्याच्या घरात कॉलेजात जाणारा तोच पहिला, त्याला हे तिसऱ्या वर्षी कळते. तोवर गुण लागलेले असतात, आणि ज्या प्राध्यापकाने पत्र लिहायचे त्याला या मुलाचा चेहराही आठवत नसतो. म्हणून जाणता सल्लागार पहिल्या वर्षाच्या मुलांना बोलावून घेतो, ऑफिसात येऊन माहिती विचारणाऱ्यांची वाट पाहत बसत नाही. जे विचारायला येतात त्यांना बहुतेक वेळा अर्धे आधीच माहीत असते.

दुसरे काम नकाशा दाखवण्याचे. विद्यार्थ्याच्या डोक्यात सर्वोच्च न्यायालय असते, फार तर एखादे नामांकित अपील न्यायालय. देशात १३ फेडरल अपील न्यायालये आणि ९४ फेडरल जिल्हा न्यायालये आहेत. दिवाळखोरी न्यायालये आहेत, करविषयक न्यायालय आहे, न्यूयॉर्कमध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे न्यायालय आहे. कंपनी कायद्यात रस असेल तर डेलावेअरचे चॅन्सरी न्यायालय. पेटंट आवडत असेल तर वॉशिंग्टनमधले फेडरल सर्किट. शिवाय पन्नास राज्यांची स्वतःची न्यायालये, जिथे देशातले बहुतेक खटले चालतात. न्यू जर्सीत तर राज्याच्या वरिष्ठ न्यायालयांतल्या जवळजवळ प्रत्येक न्यायाधीशाला लॉ क्लर्क मिळतो. ज्याला उद्या न्यूआर्कमध्ये कौटुंबिक खटले लढायचे आहेत त्याला तिथल्या न्यायाधीशाकडे काढलेले वर्ष दूरच्या बड्या न्यायालयातल्या वर्षापेक्षा जास्त कामाला येईल. हे खरे आहे, आणि प्रतिष्ठेच्या यादीकडे डोळे लागलेल्या विद्यार्थ्याच्या गळी उतरवायला फार अवघड आहे.

आता अर्जाकडे वळू. अर्जात एक पत्र, बायोडेटा, गुणपत्रक, लेखनाचा नमुना आणि दोन-तीन शिफारसपत्रे. फेडरल न्यायाधीशांचे बरेचसे अर्ज ‘ऑस्कर’ या ऑनलाइन यंत्रणेतून जातात, त्यामुळे बटण दाबले की एकच पत्र शंभर न्यायाधीशांकडे पाठवता येते. गोंधळ तिथेच होतो. पाकिटावर एका न्यायाधीशांचे नाव आणि आत दुसऱ्यांचे, असा अर्ज पहिल्या मिनिटाला बाजूला पडतो. नावे जुळली तरी मजकूर एकसारखाच असतो: मला कायद्याची आवड आहे, आपल्यासारख्या थोर न्यायाधीशांबरोबर काम करणे हा माझा बहुमान ठरेल. असे पत्र कोणीही कोणालाही लिहू शकतो.

समजा, एक विद्यार्थिनी टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडो गावात वाढली आहे. तिने तिथल्या फेडरल न्यायाधीशांना पत्र लिहिले आहे. पहिल्या परिच्छेदात लॉ रिव्ह्यूतला तिचा लेख, दुसऱ्यात तिचे गुण, तिसऱ्यात आभार. सल्लागार विचारतो, ‘लारेडोच का?’ ती म्हणते, ‘आईवडील तिथे राहतात. परत जाऊन तिथेच वकिली करायची आहे. आणि मला स्पॅनिश येते.’ यातले काहीच पत्रात नसते, कारण न्यायाधीशांना असल्या घरगुती गोष्टी सांगायच्या नसतात असे तिला वाटत असते. वस्तुस्थिती उलटी आहे. सीमेवरच्या न्यायालयांत स्थलांतर आणि अमली पदार्थांच्या फौजदारी खटल्यांचा ढीग असतो, आणि तिथल्या न्यायाधीशाला दोन वर्षे त्या गावात आनंदाने राहील असा माणूस हवा असतो. सल्लागार ती तीन वाक्ये तिच्याच शब्दांत पहिल्या परिच्छेदात आणायला लावतो. लेखाचा उल्लेख खाली सरकतो. ‘बहुमान’ जातो. पत्र अर्ध्या पानाने कमी होते.

लेखनाच्या नमुन्याचेही असेच. दहा-बारा पाने, विद्यार्थ्याची स्वतःची. उन्हाळी नोकरीत लिहिलेला अर्ज वरिष्ठ वकिलाने पुरता बदललेला असेल तर तो नमुना म्हणून चालत नाही. दुसऱ्याचा हात लागला असेल तर तसे वर दोन ओळींत लिहायचे. हे न लिहिणे म्हणजे न्यायाधीशाशी पहिल्याच भेटीत खोटे बोलणे, हे सल्लागाराने स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. शिफारसपत्रांबाबत मुलांचा हटकून होणारा गैरसमज म्हणजे सही जितकी मोठी तितके पत्र भारी. दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात शिकवणाऱ्या नामवंत प्राध्यापकाचे ‘विद्यार्थी हुशार आहे’ एवढेच सांगणारे पत्र आणि लेखनाच्या वर्गात चार-चार मसुदे तपासलेल्या शिक्षिकेचे पत्र यांत न्यायाधीश दुसरे उचलतात. टीका ऐकल्यावर या मुलाने मसुद्यात काय बदलले, हे तिला माहीत असते. चेंबरमध्ये वर्षभर नेमके तेच करायचे असते.

मुलाखत फक्त न्यायाधीश घेत नाहीत. सध्याचे क्लर्क स्वतंत्रपणे बोलतात, आणि न्यायाधीशांची सचिव, जिने फोन करून वेळ दिली, तिच्याशी उमेदवार कसा बोलला हेही विचारले जाते. तीन-चार माणसांचे ते छोटे घर आहे. तिथे एका उद्धट माणसाने सगळ्यांचे वर्ष खराब होते. प्रवासाचा खर्च उमेदवाराचा असतो. तीन शहरांत तीन मुलाखती म्हणजे विमानाची तिकिटे आणि हॉटेल, जे कर्ज काढून शिकणाऱ्याला झेपत नाही. करोनानंतर व्हिडिओवर मुलाखती रुळल्या, आणि गरीब विद्यार्थ्याच्या बाजूने झालेला हा अलीकडचा मोठा बदल म्हणावा लागेल.

एक अलिखित नियम मात्र नव्या माणसाला चक्रावून टाकतो. न्यायाधीशाने जागा देऊ केली की विचार करायला वेळ मागायचा नाही, हो म्हणायचे. म्हणून ज्यांच्याकडे मनापासून जायचे नाही त्यांच्याकडे अर्जच करायचा नाही, आणि मुलाखतींचा क्रम लावताना ज्यांच्याकडे जास्त जावेसे वाटते त्यांची वेळ आधी घ्यायची. हे सांगायला कोणी नसेल तर विद्यार्थी दोनशे अर्ज करतो, पहिला फोन नको असलेल्या शहरातून येतो आणि दोन वर्षे तिथे बांधला जातो.

या नियमाचा अतिरेक कुठवर गेला होता, याची एक नोंद क्रिस्टोफर अ‍ॅव्हरी, क्रिस्टीन जॉल्स, रिचर्ड पोस्नर आणि आल्विन रॉथ यांच्या २००७ मधल्या अभ्यासात आहे. एक उमेदवार एका मुलाखतीहून दुसऱ्या मुलाखतीला विमानाने निघाला होता. उतरल्यावर फोनवर पहिल्या न्यायाधीशांचे तीन निरोप होते. पहिल्यात जागा देऊ केली होती. दुसऱ्यात लवकर उत्तर द्या असे सांगितले होते. तिसऱ्यात जागा परत घेतली होती. प्रवास होता ३५ मिनिटांचा.

रॉथ यांना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही अशाच बाजारांच्या अभ्यासासाठी, जिथे पैशाने नव्हे तर दोन्ही बाजूंच्या पसंतीने जोड्या जुळतात. अमेरिकेत डॉक्टरांना पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या जागा संगणकीय जुळवणीने मिळतात, आणि तिच्या नव्या रचनेत रॉथ यांचा मोठा वाटा होता. न्यायाधीशांना तशी जुळवणी मान्य होत नाही. प्रत्येकजण आपल्या चेंबरपुरता स्वतंत्र, आणि चांगली मुले आधी पटकावण्याच्या चढाओढीत निवड अलीकडे-अलीकडे सरकत पार दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जाऊन पोहोचे, जेव्हा हातात जेमतेम एका वर्षाचे गुण असतात. तारीख ठरवण्याचे प्रयत्न अनेकदा झाले आणि मोडले. २०१८ मध्ये नवी योजना आली: दुसरे वर्ष संपून जून उजाडेपर्यंत अर्ज घ्यायचे नाहीत, आणि देऊ केलेली जागा काही काळ खुली ठेवायची. ती ऐच्छिक आहे आणि सगळे न्यायाधीश ती पाळत नाहीत. तरी ज्याला सुरुवात उशिरा कळली त्याला या योजनेने आणखी एका वर्षाचे गुण आणि एक वर्षाची उसंत दिली. सल्लागारांनी तिच्यासाठी आग्रह धरणे म्हणूनच योग्य आहे, मग आपल्या विद्यापीठाची एखादी जागा हुकली तरी.

करिअर विभागांना सर्वांत अवघड जाते ते वाईट चेंबरविषयी बोलणे. डिसेंबर २०१७ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाचे न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांच्यावर त्यांच्याकडे काम केलेल्या स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे जाहीर आरोप केले आणि काही दिवसांतच त्यांनी पद सोडले. त्यांच्या चेंबरमधून सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांची रांग होती, त्यामुळे तिथली जागा फार मानाची समजली जात असे. फेडरल न्यायव्यवस्थेतल्या कर्मचाऱ्यांना नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या प्रमुख फेडरल कायद्याचे संरक्षण नाही. तक्रार करायची ती न्यायव्यवस्थेच्याच अंतर्गत यंत्रणेकडे. शिवाय पुढची वीस वर्षे त्याच न्यायाधीशांचे शिफारसपत्र लागणार. अशा परिस्थितीत पंचविशीतली मुलगी बोलेल कशी? २०२२ मध्ये अलिझा शॅट्झमन या माजी क्लर्कने लीगल अकाउंटेबिलिटी प्रोजेक्ट ही संस्था काढली. माजी क्लर्कनी आपल्या न्यायाधीशांविषयी दिलेली माहिती अर्जदारांना वाचता यावी, अशी सोय तिने उभी केली आहे.

इथे विद्यापीठाचा आणि विद्यार्थ्याचा स्वार्थ वेगळा होऊ शकतो. न्यायाधीश दुखावले तर पुढच्या वर्षी जागा जाईल, ही भीती विभागाला असते. पण ज्या सल्लागाराला एखाद्या चेंबरमध्ये मुले रडत होती हे ठाऊक आहे आणि तरी तो पुढच्या मुलीला तिथे पाठवतो, त्याने आपले काम सोडून दिले आहे. परतलेल्या प्रत्येक क्लर्कशी बोलून टिपण ठेवणे आणि नव्या अर्जदाराला ते मोकळेपणाने सांगणे, एवढे तर प्रत्येक विभागाला जमण्यासारखे आहे.

कोणत्या लॉ स्कूलमधून आलात याचे वजन अजूनही प्रचंड आहे. २००९ मध्ये एका विद्यार्थिनीने न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांना याबाबत विचारले, तेव्हा आपण नामांकित विद्यापीठांतूनच मुले घेतो हे त्यांनी लपवले नाही. त्याच ओघात त्यांनी जेफ्री सटन यांचे नाव घेतले. सटन ओहायो स्टेटचे. त्यांना निवृत्त न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवडले होते आणि ते स्कालिया यांच्या चेंबरमध्येही काम करत होते. आपल्याला लाभलेल्या सर्वोत्तम क्लर्कपैकी हा एक, असे स्कालिया म्हणाले; आणि आपण स्वतः त्याला कधीच निवडले नसते, असेही म्हणाले. सटन पुढे सहाव्या सर्किटचे मुख्य न्यायाधीश झाले. या एका उदाहरणात करिअर मार्गदर्शनाची सगळी बाजू मांडलेली आहे. गुणवत्ता होती, फक्त कोणीतरी दुसऱ्याने ती आधी पाहावी लागली.

न्यायाधीशांनाही मदत हवी असते. जेरेमी फोगेल, मेरी हूप्स आणि गुडविन लिऊ यांनी अपील न्यायालयांतल्या पन्नास न्यायाधीशांच्या मुलाखती घेऊन २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विविध पार्श्वभूमीचे क्लर्क हवेत असे अनेक न्यायाधीशांना वाटते, पण ते शोधायचे कसे याविषयी ते एकमेकांशी फारसे बोलत नाहीत, असे त्यातून दिसले. काही न्यायाधीश आपणहून लहान विद्यापीठांतल्या सल्लागारांना फोन करतात आणि नावे विचारतात. असा फोन आला तेव्हा ज्याच्याकडे सांगायला तीन नावे आणि प्रत्येकामागे एक नेमकी हकिगत तयार असते, त्याचे विद्यार्थी पुढे जातात.

पुण्या-मुंबईहून एलएलएम करायला अमेरिकेत जाणाऱ्यांनी आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांनी एक गोष्ट निघण्यापूर्वीच लक्षात घ्यावी. फेडरल न्यायालयात पगारी क्लर्क होण्यावर नागरिकत्वाचे निर्बंध आहेत. साध्या विद्यार्थी व्हिसावर ती वाट जवळजवळ बंद असते. राज्य न्यायालयांचे नियम ज्या-त्या राज्याचे. जोहान्सबर्गच्या दक्षिण आफ्रिकी घटना न्यायालयात मात्र परदेशी तरुण लॉ क्लर्क घेतले जातात. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही विद्यापीठांनी सुचवलेल्या पदवीधरांसाठी फेलोशिप आहे, आणि तिथे नाव विद्यापीठाकडूनच जावे लागते. म्हणजे पुन्हा करिअर विभागाचीच गाठ.

आपल्याकडे ही वाट वेगाने रुंदावते आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये आखलेल्या योजनेनुसार लॉ क्लर्क-कम-रिसर्च असोसिएट निवडताना तीन टप्पे असतात: बहुपर्यायी परीक्षा, लेखी परीक्षा आणि मुलाखत. मानधन महिन्याला ८० हजार रुपये ठेवले गेले. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही अर्ज करता येतो. मुंबई उच्च न्यायालयही जाहिरात देऊन कंत्राटी लॉ क्लर्क घेते. गुंथर यांच्यासारख्या एका माणसाच्या शब्दापेक्षा परीक्षा नक्कीच न्याय्य आहे. पण जाहिरात निघाली हेच ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी परीक्षा असली काय आणि नसली काय, सारखेच. लातूर, नंदुरबार, चंद्रपूरच्या लॉ कॉलेजांत किती जणांना ही जाहिरात वेळेवर दिसते?

२० मे २०२५ च्या एका निकालाने हे आणखी निकडीचे केले आहे. अमरावतीचे भूषण गवई तेव्हा नुकतेच सरन्यायाधीश झाले होते. त्यांच्या खंडपीठाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेले काम त्या तीन वर्षांत मोजले जाईल असेही स्पष्ट केले. महाराष्ट्रात हजारो मुलेमुली एमपीएससीमार्फत होणाऱ्या या परीक्षेची तयारी करतात. पदवीनंतरची तीन वर्षे काढायची कशी, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न आहे. तालुका कोर्टात ज्युनिअर म्हणून पहिल्या वर्षी हातात फारसे काही पडत नाही. घरचे विचारतात, अजून किती दिवस? त्यातले एक वर्ष पगार घेऊन, निकाल कसा लिहिला जातो हे जवळून पाहत, अनुभवात धरले जात असेल तर ती माहिती शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक वर्गात पोहोचायला हवी.

त्यासाठी कॉलेजांनी मोठा विभाग उभारायची गरज नाही. एका प्राध्यापकाकडे जबाबदारी, सर्वोच्च आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळांवर लक्ष, तिसऱ्या वर्षापासून महिन्याला एक निकाल वाचून त्याचे दोन पानी टिपण लिहून घेण्याचा वर्ग, आणि पूर्वी क्लर्क राहिलेल्या कोणाला तरी बोलावून तासभर प्रश्नोत्तरे. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला लेखनाचा सराव जास्त लागेल आणि तो लवकर सुरू व्हावा लागेल. पण मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला अपील येते तेव्हा खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डमधले पंचनामे, जबाब आणि सातबाराचे उतारे मराठीत असतात. ते न अडखळता वाचणारा, त्यातला गावाकडचा शब्द नेमका काय सांगतो हे न्यायमूर्तींना इंग्रजीत दोन ओळींत मांडणारा क्लर्क चेंबरला हवाच असतो, आणि अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हे लिहायला त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवे.